इंजिन थकलं, ट्रॅक्टर नाही

द्राक्षपट्ट्यात एक सल्ला आजकाल न मागता मिळतो. बागेतला छोटा ट्रॅक्टर पंधरा वर्षांचा झाला, निळसर धूर सोडायला लागला, थंडीत सकाळी लवकर चालू होईना, की शेजारी, विक्रेता आणि शिकून आलेला पुतण्या एकाच सुरात सांगतात, "आता त्याच्यात पैसा घालू नका, एक्स्चेंजला द्या आणि नवा घ्या." सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण नाशिकपासून तासगावपर्यंत हा सल्ला इतक्या सहज दिला-घेतला जातो की त्यामागचा हिशेब तपासायचं आपण सोडून दिलं आहे. तो हिशेब बहुतेक वेळा चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून या सल्ल्यामागच्या एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

कोणत्या ट्रॅक्टरबद्दल बोलतो आहे ते आधी स्पष्ट करतो. ऊस नांगरणारे पन्नास एचपीचे ट्रॅक्टर हा वेगळा विषय. मी बोलतो आहे तो पंधरा ते वीस एचपीच्या, नऊ-दहा फुटांच्या दोन ओळींतून, मांडवाच्या तारांखालून फिरणाऱ्या बागेच्या ट्रॅक्टरबद्दल. मित्सुबिशी शक्ती एमटी १८०डी हे साडेअठरा एचपीचं तीन सिलिंडरचं यंत्र, किंवा स्वराज ७१७ आणि महिंद्रा युवराज २१५ ही पंधरा एचपीची एका सिलिंडरची यंत्रं. फवारणीचा ब्लोअर, छोटा रोटाव्हेटर, खताची ट्रॉली ही त्यांची रोजची कामं. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार देशातली सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर आहे आणि दोन हेक्टरांच्या आतले शेतकरी ८६ टक्के आहेत. अशा शेतकऱ्याच्या घरात असा ट्रॅक्टर असलाच, तर जमीन आणि विहीर सोडून ती सगळ्यात महागडी वस्तू असते. ती कधी टाकायची हा हौसेचा प्रश्न नाही, घराच्या अर्थकारणाचा आहे.

पहिला मुद्दा असा मांडला जातो की इंजिन संपलं म्हणजे ट्रॅक्टर संपला. हे यांत्रिकदृष्ट्याच खरं नाही. ट्रॅक्टरचे सगळे भाग एका वेगाने झिजत नाहीत. इंजिनात पिस्टन मिनिटाला दोन-अडीच हजार वेळा खालीवर होतो, वर ज्वलनाची आग असते आणि एअर क्लीनरची निगा राखली नाही तर बागेतली धूळ थेट आत जाते. म्हणून आधी झिजतात त्या रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह आणि बेरिंगं. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि मागचा ॲक्सल मात्र जाड बिडाच्या घरात, तेलात बुडून, त्यामानाने सावकाश फिरत असतात. तेल वेळेवर बदललं आणि सील फुटू दिले नाहीत, तर ते इंजिनाची दोन आयुष्यं सहज काढतात. इंजिन दमलं म्हणून अख्खं यंत्र वितळवायला पाठवणं म्हणजे चप्पल फाटली म्हणून पाय कापण्यासारखं आहे.

इंजिन दमलं हे ठरवतानाही घाई होते. धूर दिसला की निकाल लागतो, पण धूर कोणत्या रंगाचा ते कोणी विचारत नाही. काळा धूर बहुधा हवा कमी किंवा डिझेल जास्त असल्याची खूण असते. एअर क्लीनर चोंदला असेल, नोझल खराब झालं असेल किंवा पंपाची सेटिंग हलली असेल. पांढरा धूर म्हणजे डिझेल नीट पेटत नाही किंवा पाणी आत येतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय आणि रिंगा-लायनरचा किंवा व्हॉल्व्ह गाइडचा संशय घ्यावा लागतो. जाणता मिस्त्री आधी इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढतो आणि तिथून किती जोरात वाफ येते ते हात धरून पाहतो. त्याला तो बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. मग नोझल काढून टेस्टरवर लावतो आणि हँडल दाबतो. चांगलं नोझल कर्र आवाज करत बारीक धुकं सोडतं आणि दाब सोडला की टोक कोरडं राहतं. गेलेलं नोझल पिचकारी मारतं आणि टोकाला थेंब लोंबत राहतो. हेड उतरवल्यावर तो लायनरच्या वरच्या कडेवरून नख फिरवतो. नख पायरीला अडलं तर झीज कळली. नुसत्या नखावर तो थांबत नाही, बोअर गेज लावून मापही घेतो. एवढी तपासणी अर्ध्या-एक दिवसाची असते. ती न करता लाखांचा निर्णय घेणं हा व्यवहार नव्हे.

दुसरा मुद्दा अनुदानाचा. अनुदान मिळतंय, मग नवा का घेऊ नये? कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानात २०१४-१५पासून यंत्राच्या किमतीवर साधारण ४० ते ५० टक्के, पण ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत, अनुदान मिळतं. ज्याच्याकडे यंत्रच नाही त्याच्यासाठी ही योजना मोलाची आहे. मात्र ज्याच्याकडे दुरुस्त होणारं यंत्र उभं आहे, त्याचा हिशेब करून पाहू. नवा छोटा ट्रॅक्टर चार लाखांना धरा. अनुदान सव्वा लाख, जुन्याचे एक्स्चेंजमध्ये पंचाहत्तर हजार. उरले दोन लाख, ते ११ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या कर्जावर. महिन्याचा हप्ता सुमारे ४,३५० रुपये आणि पाच वर्षांत नुसतं व्याज ६१ हजारांच्या आसपास. आता उलट बाजू. तीन सिलिंडरच्या छोट्या इंजिनाचं पूर्ण काम, म्हणजे लायनर-पिस्टन-रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, बेरिंगं, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह, पंप-नोझल आणि मजुरी, ६० हजारांना धरा. म्हणजे नव्या ट्रॅक्टरचं जेवढं व्याज, तेवढ्यात जुन्याचं इंजिन नव्यासारखं होतं. क्लच, बॅटरी आणि टायरांना आणखी ४० हजार लागले तरी एकूण खर्च एक लाख.

यावर उत्तर येईल की नवा पंधरा वर्षं चालेल आणि दुरुस्त केलेला सातच. हरकत योग्य आहे, म्हणून तोही हिशेब मांडतो. नव्याचे खिशातून गेलेले २ लाख ६१ हजार पंधरा वर्षांत वाटले तर वर्षाला १७,४०० रुपये. जुन्याचा एक लाख सात वर्षांत वाटला तर सुमारे १४,३००. फरक फार मोठा नाही, हे मान्य. पण नव्यालाही त्या पंधरा वर्षांत एकदा इंजिनकाम लागणार आहे, ते या आकड्यात धरलेलंच नाही. आणि खरा फरक जोखमीचा आहे. दुरुस्तीचा खर्च एकदाच होतो आणि माल विकल्यावर हातात पैसा असताना करता येतो. हप्ता मात्र अवकाळीच्या वर्षीही येतो, मणी तडकले तरी येतो, भाव पडला तरी येतो. द्राक्ष उत्पादकाला वेगळं सांगायला नको की पाच वर्षांतलं एखादं वर्ष असं जातंच.

अनुदानाबद्दल आणखी एक गोष्ट बोलायला हवी. आपली धोरणं खरेदीला बक्षीस देतात, निगा राखण्याला नाही. नवं यंत्र घेणाऱ्याला सरकार मदत करतं. त्याच यंत्राचं आयुष्य सात वर्षांनी वाढवणाऱ्याला काही मिळत नाही. कररचनेतही हेच होतं. जीएसटीत बरीच वर्षं अख्ख्या ट्रॅक्टरवर १२ टक्के कर होता आणि ट्रॅक्टरच्या टायरांसह अनेक सुट्या भागांवर १८ टक्के. म्हणजे जो सांभाळून वापरतो त्याच्यावर जास्त कर. २२ सप्टेंबर २०२५पासून ट्रॅक्टर आणि त्याचे अनेक भाग ५ टक्क्यांवर आले, हा योग्य दिशेने झालेला बदल आहे. चूक होती म्हणूनच ती दुरुस्त झाली. तेच तत्त्व अनुदानाला का लागू होऊ नये?

तिसरा मुद्दा पर्यावरणाचा, आणि तो मी गांभीर्याने घेतो. जुना ट्रॅक्टर डिझेल पितो, धूर सोडतो, नवा स्वच्छ असतो, असं म्हटलं जातं. मोठ्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत यात तथ्य आहे. १ जानेवारी २०२३पासून पन्नास एचपीवरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे कडक निकष लागू झाले आणि त्यांची इंजिनं खरोखर बदलली. पण अठरा-वीस एचपीच्या वर्गाला ते निकष लागू झाले नाहीत. या वर्गातलं नवं इंजिनही बहुधा तसंच यांत्रिक पंप-नोझलचं, जुन्याच जातीचं असतं. त्यामुळे इथे तुलना जुन्या तंत्राची नव्या तंत्राशी होत नाही, झिजलेल्या इंजिनाची न झिजलेल्या इंजिनाशी होते. झीज तर दुरुस्तीने भरून निघते. कॉम्प्रेशन परत आलं, नोझल नीट फवारायला लागलं, पंप कॅलिब्रेट झाला, की डिझेलही कमी लागतं आणि धूरही कमी होतो. शिवाय शेकडो किलोंचं बीड आणि पोलाद पुन्हा हजार अंशांहून जास्त तापवून वितळवायचं आणि पुन्हा ओतायचं, याचा धूर कोणाच्या खात्यात धरायचा? तो बागेत दिसत नाही म्हणून नसतो असं नाही. लहान ट्रॅक्टरांचेही निकष पुढे कडक व्हायला हवेत. तोवर काळा धूर सोडणाऱ्या शेतकऱ्याला नव्या कर्जाकडे ढकलण्याआधी नोझल तपासायला सांगावं.

चौथा मुद्दा वेळेचा, आणि विरोधकांचा सगळ्यात दमदार मुद्दा हाच आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना रात्री पाऊस झाला, की सकाळी डाऊनीची फवारणी झालीच पाहिजे. त्या सकाळी ट्रॅक्टर चालू झाला नाही तर वर्षभराची मेहनत जाऊ शकते. ही भीती खरी आहे. पण ट्रॅक्टर ऐन वेळी बंद पडतो तो वयामुळे कमी आणि वेळेवर न उघडल्यामुळे जास्त. द्राक्षाच्या वर्षाला ठरलेली लय आहे. माल उतरला की खरड छाटणीपर्यंत बागेला विश्रांती असते. इंजिन उघडायचं ते तेव्हा, फुलोऱ्यात नव्हे. त्यात बागेचं वातावरण यंत्राला फार कठोर असतं. बोर्डो मिश्रणातला मोरचूद पत्र्याला आणि वायरिंगच्या टोकांना खातो, गंधकाची भुकटी आणि सुकी पानं रेडिएटरच्या जाळीत बसतात. मग इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं आणि दोष ट्रॅक्टरच्या वयाला दिला जातो. रेडिएटर आतून बाहेर अशा दिशेने धुतला, ऑइल-बाथ एअर क्लीनरमधलं तेल बदललं आणि टर्मिनल घासून ग्रीस लावलं, तर ऐन वेळच्या निम्म्या तक्रारी होतच नाहीत. ही निगा न राखणाऱ्याचा नवा ट्रॅक्टरही काही हंगामांतच याच अवस्थेला येतो.

पाचवा मुद्दा, पार्ट मिळत नाहीत. काही मॉडेलांच्या बाबतीत हे खरं आहे आणि त्याचा राग मलाही येतो. पण त्याचा दोष शेतकऱ्याच्या माथी कसा मारता येईल? पार्ट न ठेवणं हा विकणाऱ्याचा निर्णय असतो. सुट्या भागांअभावी यंत्र भंगारात जात असेल, तर "नवा घ्या" हा त्यावरचा उपाय नाही, ती त्याच अन्यायाची दुसरी पायरी आहे. आज घेतलेल्या नव्याचंही पंधरा वर्षांनी हेच होणार. जगभर या प्रश्नावर शेतकरी उभे राहिले आहेत. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४पासून लागू आहे. तिथल्या मोठ्या यंत्रांना दुरुस्तीसाठी कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते शेतकऱ्याच्या किंवा गावच्या मिस्त्रीच्या हाती दिलं जात नाही, हा वादाचा गाभा. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची उपकरणं हे तिच्या चार क्षेत्रांपैकी एक होतं. म्हणजे प्रश्न सरकारलाही कळलेला आहे. आपल्या छोट्या ट्रॅक्टरचं भाग्य असं की तो अजून पाना आणि मायक्रोमीटर घेऊन बसलेल्या माणसाला पूर्ण उघडता येतो. अमेरिकेतला शेतकरी जे परत मिळवायला कायदा मागतो आहे, ते आपल्या हातात आहे. ते मागासलेपण समजून आपण फेकू नये.

आता शेवटचा आणि सगळ्यात गैरसमजाचा मुद्दा, दुसरं इंजिन बसवण्याचा. ब्लॉकला तडा गेला, क्रँक तुटला किंवा पार्ट खरोखरच संपले, तर इंजिन बदलणं हा मार्ग उरतो. त्याला सरसकट जुगाड म्हणून हिणवलं जातं. काही ठिकाणी ते नाव शोभण्यासारखं काम होतं हेही खरं आहे आणि त्याची बाजू मी घेणार नाही. विहिरीवरचं इंजिन उचलून चेसिसवर ठेवलं, पट्टीच्या तुकड्यांनी वेल्डिंग केलं आणि बाग फवारायला निघाले, तर ते धोकादायक आहे. पण ते का धोकादायक आहे हे समजलं, की चांगलं काम कसं करायचं हेही समजतं.

समजा मूळ इंजिन १८ एचपीचं, २,७०० फेऱ्यांवर चालणारं होतं आणि त्या वेगाला पीटीओ ५४० फेऱ्या देतो. तिथे १८ एचपीचंच पण १,५०० फेऱ्यांचं स्टेशनरी इंजिन बसवलं. एचपी तेवढीच, म्हणून काम बरोबर झालं असं वाटतं. प्रत्यक्षात तेवढीच शक्ती कमी फेऱ्यांत द्यायची तर पीळ १.८ पट होतो. सुमारे ४७ न्यूटन-मीटरसाठी घडवलेल्या क्लचवर आणि गिअरवर ८४ न्यूटन-मीटर येतात. दुसरीकडे पीटीओ ५४० ऐवजी ३०० फेऱ्यांवर येतो, ब्लोअरचा पंखा मंदावतो, थेंब मोठे पडतात आणि औषध पानाच्या मागच्या बाजूला पोचत नाही. म्हणजे गिअरबॉक्सही जाणार आणि फवारणीही वाया जाणार. चूक इंजिन बदलण्यात नव्हती, जुळणी न पाहण्यात होती.

चांगल्या कामात मिस्त्री आधी कागदावर पाच गोष्टी जुळवतो. फेऱ्या, फिरण्याची दिशा, फ्लायव्हील आणि क्लचचा आकार, इनपुट शाफ्टचे दात आणि पुढच्या ॲक्सलवर येणारं वजन. मग बेल हाऊसिंगसाठी जाड पोलादाची ॲडॉप्टर प्लेट लेथवर कापून घेतो आणि जोडताना डायल गेज लावून क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत आहेत का ते पाहतो. ही रेषा थोडी जरी चुकली तरी क्लचचं बेरिंग आणि पुढचा सील लवकर जातात. कायद्याची बाजूही सोडायची नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२प्रमाणे इंजिनातल्या बदलाला नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते आणि नव्या इंजिनाचा नंबर आरसीवर चढावा लागतो. तो न चढवता रस्त्यावर ट्रॉली ओढली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडचणीत येतो. हे सगळं केलं तर त्या कामाला जुगाड म्हणणं हा कारागिराचा अपमान आहे. ते अभियांत्रिकीचं काम आहे.

आणि या मातीत ते परकंही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानाने. तिथून लोखंडी नांगर, १९१०मध्ये किर्लोस्करवाडी आणि १९४६मध्ये पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ, भट्टी आणि इंजिनकाम शेजारी शेजारी वाढले. यंत्र उघडता येणाऱ्या हातांतूनच यंत्र बनवणारे हात तयार होतात. ज्या तालुक्यात इंजिन बांधणारा मिस्त्री, क्रँक घासणारा टर्नर आणि पंप कॅलिब्रेट करणारा माणूस उरणार नाही, तिथे नवं यंत्रही टिकणार नाही. पहिल्याच मोठ्या बिघाडाला ते ट्रकवर चढून शहरात जाईल. प्रत्येक दुरुस्त झालेला ट्रॅक्टर हे कौशल्य जिवंत ठेवतो.

म्हणून प्रत्येक जुना ट्रॅक्टर वाचवा असं माझं म्हणणं आहे का? नाही. गिअरबॉक्सच्या घरालाच तडा असेल, मागच्या ॲक्सलची बसण्याची जागा खाल्ली गेली असेल, हायड्रॉलिक, स्टिअरिंग आणि इंजिन तिन्ही एकदम संपले असतील, किंवा ब्रेक भरवशाचे होतच नसतील, तर तो सोडून द्यावा. दुरुस्तीचा एकूण खर्च चांगल्या स्थितीतल्या तशाच जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारभावाजवळ जात असेल, तरीही सोडावा. पण हा निकाल मापं घेऊन लागला पाहिजे, धूर पाहून आणि शोरूममध्ये बसून नव्हे.

मागण्याही साध्या आहेत. यांत्रिकीकरणाच्या अनुदानात इंजिनच्या पूर्ण कामाला आणि मान्यता घेऊन केलेल्या इंजिनबदलाला जागा द्या. तपासणीचा दाखला आणि पक्की बिलं मागा, मर्यादा नव्या यंत्राच्या एक चतुर्थांश ठेवा, तरी तेवढ्याच पैशांत किती तरी जास्त शेतकऱ्यांचं काम होईल. ज्या मॉडेलला सरकारी अनुदान मिळतं, त्याचे सुटे भाग आणि दुरुस्तीची पुस्तिका विक्री थांबल्यावरही ठरावीक वर्षं उपलब्ध ठेवण्याची अट उत्पादकाला घाला, आणि ती पुस्तिका मराठीत असू द्या. आयटीआयमध्ये छोट्या डिझेल इंजिनांची प्रत्यक्ष बांधणी शिकवा. आरटीओत शेतीच्या ट्रॅक्टरचं इंजिन बदलण्याची प्रक्रिया एका खिडकीवर आणा, म्हणजे लोक चोरून काम करणार नाहीत.

आणि शेतकऱ्याला एवढंच सांगणं आहे. पुढच्या वेळी कोणी "टाकून द्या" म्हणालं, तर आधी त्याला विचारा की कॉम्प्रेशन किती आहे, लायनरची झीज किती आहे, नोझल कधी तपासलं. उत्तर नसेल तर तो सल्ला बाजूला ठेवा. यंदाचा माल उतरला की ट्रॅक्टर मिस्त्रीकडे न्या, समोर उभं राहून मापं घ्यायला लावा आणि खर्चाचा कागद हातात घ्या. निर्णय त्या कागदावर करा.